हेतूची वही : आपल्या आजाराचं कारण आयुर्वेदाच्या पद्धतीनं कसं शोधायचं

तिखट सोडून दोन वर्षं झाली तरी घशाशी येणारं आंबट-कडू पाणी थांबेना, म्हणून एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. घरात त्यांच्यापुरती भाजी वेगळी शिजायची, लोणच्याची बरणी कपाटात मागे गेली होती. दुर्बिणीनं तपासणी झाली होती, गंभीर काही निघालं नव्हतं. मी त्यांना एक साधी वही घ्यायला सांगितली आणि म्हटलं, दोन आठवडे काही बदलू नका, फक्त लिहा. वही परत आली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते हे, की रविवारी त्यांना काहीच होत नव्हतं. दुसऱ्या रविवारी तर त्यांनी बहिणीकडे मिसळ खाल्ली होती, तर्रीसकट, आणि रात्री शांत झोपल्या होत्या.

अशी वही कुणालाही ठेवता येते. ती कशी ठेवायची आणि वाचायची कशी, ते इथे सविस्तर सांगते.

निदान म्हणजे मुळात कारण

आज आपण निदान म्हणतो ते रोग ओळखण्याला. आयुर्वेदात हा शब्द त्याही अर्थानं येतो, पण त्याचा पहिला अर्थ कारण. त्यालाच हेतू म्हणतात. माधवनिदान हा ग्रंथ पहिल्याच अध्यायात रोग समजून घेण्याची पाच साधनं सांगतो : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग उघड होण्याआधीच्या खुणा, रूप म्हणजे लक्षणं, उपशय म्हणजे कशानं बरं वाटतं ते, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंतचा सगळा प्रवास. यात कारण पहिलं आहे. सुश्रुतसंहितेत उपचाराची सगळ्यात आटोपशीर व्याख्या आहे ती अशी : ‘संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्’. थोडक्यात सांगायचं तर कारण टाळणं हीच चिकित्सा.

कारण टाळायचं तर ते आधी सापडायला हवं. घोडं अडतं ते इथेच, कारण बहुतेक जण ऐकीव कारण धरून बसतात. पित्त झालं की तिखट, सर्दी झाली की केळं, सांधे धरले की वांगं.

वही उघडण्याआधी

छातीत दाबल्यासारखं दुखणं, घाम फुटून दम लागणं, उलटीतून किंवा शौचातून रक्त, काळं डांबरासारखं शौच, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, न उतरणारा ताप, अचानक हात-पाय लुळा पडणं किंवा बोबडी वळणं. यातलं काहीही असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा. साखर, रक्तदाब, थायरॉइड, फिट्स यांच्या गोळ्या चालू असतील तर वही लिहिताना त्या तशाच चालू राहू द्या, स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. प्रत्येक आजार माणसाच्या चुकीनं होत नाही. सुश्रुतानं रोगांचे सात गट केले आहेत. त्यांत आई-वडिलांच्या बीजातून येणारे, गर्भात असताना येणारे, आघातानं होणारे, ऋतूमुळे होणारे आणि म्हातारपणासारखे स्वभावानंच येणारे असे वेगवेगळे गट आहेत. चरकसंहितेत जनपदोध्वंसाचा एक अख्खा अध्याय आहे. वारा, पाणी, जमीन आणि काळ बिघडले की वेगवेगळ्या प्रकृतीची, वेगवेगळं खाणारी माणसं एकाच रोगानं एकदम आजारी पडतात, असं तो सांगतो. गावच्या विहिरीचं पाणी खराब असेल तर माझ्या जेवणाच्या वेळा तपासून काय मिळणार? तेव्हा वही आपल्याला दोष देण्यासाठी लिहायची नाही. वारंवार उलटणारा, चिवट त्रास असतो त्यासाठी ती लिहायची : पित्त, गॅसेस, अंग जड होणं, सकाळच्या शिंका, मलावरोध, झोप न लागणं.

तक्रार नेमक्या शब्दांत लिहा

पहिल्या पानावर फक्त तक्रार. पण ‘ॲसिडिटी’ असा एक शब्द लिहून भागणार नाही. घशाशी पाणी येतं की छातीत जळतं? ते पाणी आंबट की कडू? किती वाजता? जेवल्याबरोबर, दोन तासांनी, की पोट रिकामं झाल्यावर?

वेळेला फार महत्त्व आहे. अष्टांगहृदय या ग्रंथाचा कर्ता वाग्भट सांगतो की वय, दिवस, रात्र आणि अन्नाचं पचन या चौघांच्याही सुरुवातीला कफ, मध्यावर पित्त आणि शेवटी वात जोर धरतो. या तिघांनाच आयुर्वेदात दोष म्हणतात. जेवल्या जेवल्या पोट दगडासारखं जड होत असेल तर तो कफाचा वेळ. दीड-दोन तासांनी जळजळ सुरू होत असेल तर पित्ताचा. अन्न जिरल्यावर पोट फुगत, दुखत असेल तर वाताचा. या शिक्षिकांची जळजळ संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आणि रात्री साडेबारापुढे यायची. साडेबारा म्हणजे रात्रीचा मध्य, शिवाय रात्री दहाच्या जेवणाच्या पचनाचाही मध्य.

त्याखाली लिहा : हे पहिल्यांदा कधी झालं, आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं होतं? नोकरी, घर, पाळी, बाळंतपण, कुणाचं जाणं, जेवणाची वेळ, नवीन गोळी. नव्या गोळीचा संशय असेल तर ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना विचारा.

दोन आठवड्यांचं पान

चौदा दिवस लिहायचं, म्हणजे दोन रविवार येतात. या काळात पथ्य सुरू करायचं नाही. नाहीतर खरं चित्र दिसत नाही. झोपताना सगळं आठवून लिहिलं की माणूस नकळत शहाणा होतो आणि मधला चहा विसरतो, म्हणून जसं घडेल तसं लिहा. त्यांच्या वहीतलं एक पान, त्यांची परवानगी घेऊन, इथे देते :

‘मंगळवार. ६.०० चहा, दोन कप, सोबत काही नाही. ७.१० शाळा. ११.३० डबा, गार पोळी, बटाट्याची भाजी, पाच मिनिटांत. पाणी दोन घोट. २.१५ घरी जेवण, पोळी, आमटी, भात, पोटभर. २.४५ झोपले ते ४ पर्यंत. ४.१५ चहा. ५.३० घशाशी आंबट. रात्री १० जेवण. १२.३० जळजळ, उठून बसले. शाळेत लघवीला : नाही.’

शेवटची नोंद मी मुद्दाम विचारायला लावली होती. तिच्याकडे पुढे येते.

दर नोंदीत काय खाल्लं याच्याइतकंच कसं खाल्लं हेही यायला हवं. चरकानं आहाराचा विचार करायच्या आठ बाजू सांगितल्या आहेत : पदार्थाचा स्वभाव, त्यावर झालेला संस्कार, कशाबरोबर खाल्ला, किती, कुठल्या प्रदेशात, कुठल्या वेळी, कोणत्या रीतीनं, आणि खाणारा कोण. आपण पहिल्या बाजूवरच थांबतो. बटाटा वातूळ की नाही यावर वाद घालतो आणि तो पाच मिनिटांत, उभ्यानं, गार गिळला होता हे विसरतो.

रोज सकाळी अग्नी बघा

‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’. सगळे रोग अग्नी मंद झाल्यावर होतात, असं वाग्भट म्हणतो. अग्नी म्हणजे इथे पचवण्याची ताकद. ती कमी पडली की अर्धवट पचलेलं जे मागे राहतं तो आम. तो घरच्या घरी ओळखता येतो. सकाळी दात घासण्याआधी आरशात जीभ बघा, तिच्यावर पांढरा चिकट थर आहे का? उठल्यावर अंग हलकं आहे की झोपूनही जड? तोंडाला चव आहे का? पोट साफ झालं, की जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटतं? चार उत्तरं, वहीत चार अक्षरं, अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसरी तपासणी प्रत्येक जेवणाआधी करायची, आणि माझ्या मते अख्ख्या वहीत हिच्याइतकी उपयोगाची दुसरी नोंद नाही. आधीचं अन्न जिरल्याची लक्षणं माधवनिदानात दिली आहेत : ढेकर शुद्ध येणं, म्हणजे तिला आधीच्या जेवणाचा वास किंवा चव नसणं, उत्साह, मल-मूत्र वेळच्या वेळी होणं, हलकेपणा, भूक आणि तहान. घास घेण्याआधी स्वतःला विचारा, ढेकरेला दुपारच्या आमटीचा वास येतोय का? येत असेल आणि तरी जेवलात तर ते अध्यशन, म्हणजे आधीचं जिरण्याआधी त्यावर घातलेलं नवं अन्न. वहीत तिथे ‘अ’ लिहा. दोन आठवड्यांत किती ‘अ’ झाले ते मोजलं की बऱ्याच जणांना स्वतःचंच नवल वाटतं.

आता पोह्यांविषयी, कारण हा प्रश्न हमखास येतो. चरकानं पीठाचे पदार्थ आणि पोहे पचायला जड मानले आहेत : पोटभर जेवल्यावर ते कधीही खाऊ नयेत, आणि भूक असतानाही मापातच खावेत. सकाळी भूक लागलेली असताना एक वाटी पोहे खाल्ले तर त्याचा बाऊ करू नका. साडेआठला पोटभर पोहे, वर चहा आणि अकराला पुन्हा डबा असेल तर मात्र त्या ‘अ’कडे बघा.

विरुद्ध आहाराचंही, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या किंवा चुकीच्या रीतीनं खाल्लेल्या अन्नाचंही, तसंच. दूध आणि मासे, मध आणि तूप समान प्रमाणात, गरम केलेला मध, अशी बरीच उदाहरणं ग्रंथांत आहेत. दूध आणि फळाचं शिकरण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खाल्लं जातं आणि वैद्य त्याला नको म्हणतात. (माशांबरोबरची सोलकढी यात येत नाही. तिच्यातलं दूध नारळाचं.) पण तोच चरक पुढे सांगतो की सवयीचं असेल, थोडं असेल, अग्नी तेज असेल, माणूस तरुण आणि व्यायाम करणारा असेल, तर विरुद्ध अन्न बाधत नाही. त्यामुळे वहीत विरुद्ध पदार्थाची नोंद करा, पण शेजारच्या पानावर त्रास दिसला तरच त्याला धरा.

कारणं तीन दारांनी येतात

चौदा दिवस झाले. आता रंगीत पेन्सिल घ्या आणि त्रासाच्या प्रत्येक नोंदीखाली रेघ ओढा. मग प्रत्येक रेघेच्या मागचे चोवीस तास वाचा. चरकानं सगळ्या कारणांचे तीन गट केले आहेत, त्याच तीन दारांवर उभं राहून वाचायचं.

पहिलं दार असात्म्येंद्रियार्थसंयोग. शब्द लांबलचक, अर्थ सोपा : डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांना त्यांचा विषय फार मिळणं, अजिबात न मिळणं किंवा चुकीचा मिळणं. जिभेचा भाग आपण वर पाहिला. रात्री अंधारात मोबाइलचा उजेड, दिवसभर यंत्राचा आवाज, उदबत्तीचा किंवा रसायनाचा वास, एसीचा झोत थेट मानेवर, हेही याच दारातून येतं. सकाळच्या शिंका असणाऱ्यांनी हे दार नीट बघावं.

दुसरं दार परिणामाचं, म्हणजे काळाचं. पावसाळ्यात पित्त साठतं, शरदात उसळतं. हेमंत-शिशिरात कफ साठतो, वसंतात वितळून सर्दी-खोकला देतो. उन्हाळ्यात वात साठतो, पावसात सांधे बोलू लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात दवाखाने भरतात ते याच हिशोबानं. ‘वैद्यानां शारदी माता, पिता च कुसुमाकरः’ असं एक वचन वैद्यांमध्ये फिरतं. शरद ऋतू वैद्यांची आई आणि वसंत बाप, कारण दोन्हींत रोगी वाढतात. कोजागरीचं आटवलेलं दूध येतं तेही ऐन शरदात, पित्त उसळलेलं असताना. गोड आणि शीत म्हणून दूध पित्ताला चालतं. वहीच्या कोपऱ्यात ऋतू लिहून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरमधल्या त्रासाचं मूळ श्रावण-भाद्रपदातल्या आंबट, तळलेल्या खाण्यात असू शकतं हे ध्यानात राहील. अशा लांबच्या कारणाला विप्रकृष्ट हेतू म्हणतात.

तिसरं दार प्रज्ञापराधाचं. याच्याशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चरक म्हणतो, धी, धृती आणि स्मृती ढळलेला माणूस जे अहितकर करतो तो प्रज्ञापराध, आणि तो कफ, पित्त, वात हे सगळे दोष भडकवतो. लोक याला ‘कळतं पण वळत नाही’ म्हणून सोडून देतात. पण तिथे तीन वेगळे शब्द आहेत आणि त्या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. वहीत त्रासाआधीच्या संशयास्पद गोष्टीपुढे यातलं नेमकं काय ढळलं ते लिहा.

धी ढळली म्हणजे हिताचं काय तेच चुकीचं समजलं होतं. शिक्षिकांना वाटायचं की सकाळचा कडक चहा पोटाला हलका. इथे नीट माहिती मिळाली की काम होतं. धृती ढळली म्हणजे कळत होतं पण आवरता आलं नाही. रात्री बाराला फरसाणाचा डबा उघडणाऱ्याला आहारशास्त्र सांगून उपयोग नाही. तो डबा घरात आणू नये, किंवा संध्याकाळी सातला नीट जेवायला मिळावं. आणि स्मृती ढळली म्हणजे मागच्या वेळी काय झालं होतं ते त्या क्षणी आठवलंच नाही. त्यासाठी फ्रीजवर चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा पुरते. माझ्या अनुभवात माणसं धृतीच्या जागी स्वतःला उगाच दोष देत बसतात, आणि वही वाचली की निम्म्या ठिकाणी चूक धीची निघते.

अडवलेले वेग

हे खरं तर प्रज्ञापराधातच येतं, पण याचं वेगळं पान करा. चरकानं अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत : लघवी, शौच, शुक्र, अधोवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानं लागलेली धाप. वाग्भट तर म्हणतो की वेग जबरदस्तीनं आणल्यानं आणि अडवल्यानं सगळे रोग होतात.

शिक्षिकांच्या वहीत ‘शाळेत लघवीला : नाही’ ही नोंद बाराही शाळेच्या दिवशी होती. विचारल्यावर कळलं, शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. त्यामुळे सात ते दोन लघवी नाही, त्यासाठी पाणी नाही, आणि तासांच्या गर्दीत साडेनऊला लागलेली भूक चहावर मारलेली. तीन वेग रोज अडवलेले. एसटीत, कारखान्यात, बाजारात, शेतात काम करणाऱ्या कितीतरी बायका हेच करतात आणि डॉक्टरांपुढे ते कधीच निघत नाही, कारण कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतःला विचारा. आणि अश्रूंची नोंद हसण्यावारी नेऊ नका. ती तेरांच्या यादीत उगाच नाही.

एकच गोष्ट काढा आणि बघा

आता हातात चार-पाच संशयित आहेत. सगळं एकदम बदललं तर बरं वाटेल, पण कशानं ते कळणार नाही. ज्या रोगाची लक्षणं लपलेली आहेत तो उपशय आणि अनुपशय यांनी ओळखावा, असं चरक सांगतो. म्हणजे एक बदल करायचा आणि बरं वाटतं की वाढतं ते बघायचं. एका बदलाला सात दिवस द्या, वही चालू ठेवा.

शिक्षिकांनी पहिल्यांदा दुपारची झोप काढली. उन्हाळा सोडला तर दिवसा झोपल्यानं कफ आणि पित्त वाढतात, असं ग्रंथ सांगतात. आणि त्या तर भरल्या पोटी आडव्या होत होत्या. त्याऐवजी खुर्चीत टेकून बसायचं ठरलं. त्या आठवड्यात संध्याकाळचं आंबट पाणी सहापैकी दोनच दिवस आलं, रात्रीची जळजळ मात्र तशीच राहिली. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचं जेवण. तिसऱ्यात सकाळचा चहा. तिखटाला हात लावला नाही, कारण मिसळीच्या रविवारी काही झालंच नव्हतं. एकट्यानं रोग करायची ताकद नसलेल्या अशा दुबळ्या कारणाला व्यभिचारी हेतू म्हणतात. आधीच बिघडलेल्या दिवशी ते भर घालतं, चांगल्या दिवशी त्याचं काही चालत नाही.

पाव-पावनं सोडा

कारण सापडलं की ते उद्यापासून बंद, असा निश्चय बहुतेक जण करतात आणि आठवड्यात मोडतात. जुनी सवय, वाईट असली तरी, शरीराच्या अंगवळणी पडलेली असते आणि एकदम तोडली तर तीच त्रास देते. म्हणून चरकानं पादांशिक क्रम सांगितला आहे : अहितकर सवयीचा चौथा हिस्सा सोडायचा आणि तेवढीच जागा हितकर गोष्टीला द्यायची, मधे थोडे दिवस स्थिर होऊ द्यायचं, मग अर्धा, मग पाऊण, आणि शेवटी पूर्ण. दोन पायऱ्यांमधलं अंतरही हळूहळू वाढवत न्यायचं.

चहाचं गणित त्यांना असं घालून दिलं. दोन कपांपैकी अर्धा कप कमी, त्याजागी आधी भिजवलेल्या दहा-बारा मनुका. चार दिवसांनी एकच कप, सोबत एक भाकरीचा तुकडा. पुढच्या आठवड्यात अर्धा कप, तोही काहीतरी खाल्ल्यावर. तिथेच थांबलो, तो अर्धा कप त्यांना बाधत नाही असं वहीनं दाखवलं. रात्रीच्या जेवणाला मी हीच रीत वेळेत बसवते, दहाचे पावणेदहा, साडेनऊ, असं करत साडेआठ. कडीसाठी चार शिक्षिका मिळून मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि त्याच आठवड्यात कडी लागली.

वही घेऊन वैद्याकडे जायचं तर सगळी पानं न्या, नीट उतरवून काढलेला सारांश नको. खाडाखोड आणि ‘आज लिहायला वेळ नाही’ असं लिहिलेली पानंसुद्धा आम्हाला काही सांगतात. एका रोगातून दुसरा उभा राहिला असेल, जुन्या सर्दीतून खोकला आणि खोकल्यातून अंग वाळणं, तर त्याचे वैद्यानं लावायचे धागे त्यातच सापडतात. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी झोप आणि बसणं यांचे तास जरूर लिहून आणावेत; चरकानं प्रमेहाच्या कारणांची यादी दह्या-गुळापासून नाही, सुखानं बसून आणि झोपून राहण्यापासून सुरू केली आहे.

त्रास थांबल्यावर वही टाकून देऊ नका. ऋतू बदलताना, सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि नव्याचे पहिले सात असे चौदा दिवस ऋतुसंधीचे असतात, त्या वेळी ती पुन्हा उघडा. आधीच्या ऋतूच्या सवयी त्या दिवसांत हळूहळू सोडायच्या आणि नव्या लावून घ्यायच्या असतात. शिक्षिकांची वही आता भाद्रपदाच्या शेवटी बाहेर निघते, आणि लोणच्याची बरणी पुन्हा ओट्यावर आली आहे.